अ आणि ब मिळून ते काम किती दिवसांत करतील?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाच्या उशाशी जाडजूड पुस्तक दिसलं, तर ते कॉम्प्युटरचं असेल असं समजू नये. कॉम्प्युटरची पुस्तकं परीक्षेच्या आठवड्यात आणायची असतात आणि ती जाड नसतात. पेपरात जेवढं येतं तेवढंच छापून आमच्या स्थानिक प्रकाशकांनी पोरांच्या डोळ्यांची काळजी घेतलेली असते. उशाशी असतं ते आर. एस. अग्रवाल यांचं ‘क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूड’. पोरं त्या विषयाला नुसतं ‘अ‍ॅप्टी’ म्हणतात. त्यात अ नावाचा माणूस एक काम १० दिवसांत करतो आणि ब तेच काम १५ दिवसांत करतो. काम कसलं, ते कोणी सांगत नाही. दोन आगगाड्या एकमेकींच्या दिशेने निघालेल्या असतात. एका टाकीत वरून नळ सोडलेला असतो, खाली भोक असतं, आणि भोक बुजवायचं सोडून एक गृहस्थ टाकी किती वाजता भरेल याचा हिशेब करत बसलेले असतात.

हे सगळं आम्ही चौथीच्या स्कॉलरशिपला केलं होतं. काळ-काम-वेग, नफा-तोटा, वयवारी, घड्याळाचे काटे. त्यानंतर बारा वर्षं शिक्षणव्यवस्थेने आमच्यावर मेहनत घेतली. गणितात एम-वन, एम-टू, एम-थ्री झालं. लाप्लास आणि फूरिए या दोन फ्रेंच गृहस्थांनी आमच्यातल्या कित्येकांना वर्षभर घरी बसवलं. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनला कधीच न संपणाऱ्या पट्टीवर चालणारं ट्युरिंगचं यंत्र कागदावर बांधून झालं. आणि एवढं सगळं उरकून नोकरी दाराशी आली, तेव्हा तिने विचारलं काय, तर अ आणि ब मिळून ते काम किती दिवसांत करतील?

लोक याला हसतात. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर आणि परीक्षा नळाच्या टाकीची! मी हसत नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये केस पांढरे करून घेतल्यावर माझं ठाम मत झालंय की त्या चार वर्षांत हाताळलेल्या पुस्तकांपैकी पुढे शब्दशः खरं निघालेलं पुस्तक हे एकच. लाप्लास मला पुन्हा भेटला नाही. अ आणि ब रोज भेटतात. थोडी शंका होती, ती भाच्याने फेडली.

माझा भाचा तासगावचा, २०२२ च्या बॅचचा. त्याची कॅम्पसची परीक्षा २०२१ मध्ये झाली, म्हणजे कॅम्पस बंद असताना, घरूनच. ते वर्ष आठवत असेल. सगळं जग घरात बसून ऑनलाइन झालं होतं आणि कंपन्या पोतीच्या पोती पोरं भरून घेत होत्या. अट एवढीच, की दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० टक्के हवेत आणि लाइव्ह केटी, म्हणजे न सुटलेला विषय, नको. भाच्याच्या एम-थ्रीच्या केटीने ऐन वेळी प्राण सोडला, म्हणून तो पात्र ठरला.

परीक्षा देणाऱ्यावर लॅपटॉपचा कॅमेरा नजर ठेवणार होता. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, डोळे पडद्यावरून हलता कामा नयेत. ताईने जय्यत तयारी केली. दाजींना रानात धाडलं, कुकर लावला नाही, शेजारची म्हैस लांबच्या खुंटाला बांधायला लावली. तरी थोड्या वेळाने पडद्यावर लाल अक्षरं उमटली, खोलीत दुसरा चेहरा दिसतो आहे. भाच्याने मागे पाहिलं, कोणी नाही. मागे पाहिल्याबद्दल दुसरी ताकीद आली. तिसऱ्या ताकिदीला परीक्षा आपोआप बंद होणार होती. दाराच्या फटीतून बघणाऱ्या ताईच्या तेव्हा लक्षात आलं की भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. फेटा, मिशा, चंदनाचा हार, आणि नजर थेट भाच्याच्या उत्तरांवर. आजोबा जुनी व्हर्नाक्युलर फायनल झालेले, पावकी-निमकी तोंडपाठ. तेव्हा कंपनीला आलेला संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. ताई कॅमेऱ्याच्या खालून रांगत गेली, आधी नमस्कार केला आणि मग सासऱ्यांना भिंतीकडे तोंड करून ठेवलं. भाचा पास झाला.

मग व्हिडिओवर मुलाखत. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला भाचा ‘बेसिकली फ्रॉम सांगली’ असं म्हणाला. तासगाव मुलाखत घेणाऱ्याला कळत नाही म्हणून सांगली. पुढे क्लायंट भेटला की तो पुण्याचा होईल आणि क्लायंटचा साहेब भेटला की मुंबईजवळचा. नंतर बीई प्रोजेक्ट निघाला. चौघांनी मिळून द्राक्षाच्या पानावरचे रोग ओळखणारं अ‍ॅप केलं होतं. कुठल्याही बीई प्रोजेक्टला चारजण लागतात. एक प्रोजेक्ट करतो, एक रिपोर्ट काळ्या पुठ्ठ्यात सोनेरी अक्षरांत बांधून आणतो, एक प्रेझेंटेशनच्या दिवशी टाय लावून बोलतो आणि एक गाइड सरांना सांभाळतो. भाचा पुठ्ठ्याच्या खात्यात होता. त्याने ‘डॉक्युमेंटेशन’ असं सांगितलं, ते काही खोटं नव्हतं. दाजींची स्वतःची द्राक्षबाग आहे. त्या अ‍ॅपने दाजींच्या बागेतल्या डावणीला भुरी म्हटलं होतं. दाजींनी तेच पान लांबून, चष्मा न लावता बघून बरोबर सांगितलं, पण त्यांना त्याचे गुण नव्हते.

शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. तिसरं व्हेरिएबल न वापरता दोन संख्यांची अदलाबदल करून दाखव. पहिलीत दुसरी मिळवायची, त्या बेरजेतून दुसरी वजा करायची, आणि मग पुन्हा एकदा वजाबाकी. पिढ्यान्‌पिढ्या पोरं हे पाठ करून येतात. यात मेमरीतली चार बाइट जागा वाचते. ज्या कंपनीच्या लॅपटॉपवर नुसतं चॅटचं सॉफ्टवेअर उघडलं की एक जीबी गडप होते, तिला या चार बाइटांचा एवढा कळवळा का, हे विचारायची सोय नसते. मी नोकरीत एकदाही असली अदलाबदल केलेली नाही. कोणी केली तर कोड रिव्ह्यूमध्ये मी ती परत पाठवीन. पण हल्ली मीही मुलाखती घेतो आणि मीही हाच प्रश्न विचारतो, कारण त्याचं उत्तर मला येतं.

यथावकाश पत्र आलं. ‘यथावकाश’ हा शब्द खरं तर पत्रातलाच. अभिनंदन होतं, साडेतीन लाखांचं पॅकेज होतं, आणि रुजू होण्याची तारीख यथावकाश कळवण्यात येईल असं होतं. ताईने पेढे वाटले. पहिला पेढा फोटो सरळ करून त्याच्यापुढे ठेवला. भाचा पदवीधर झाला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. झालं असं होतं, की अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ पासून व्याजदर वाढवायला घेतले, तिकडच्या गिऱ्हाइकांनी हात आखडले, इकडच्या कंपन्यांनी पोरांना बोलावणं पुढे ढकललं, आणि याचा सगळ्यात जास्त ताप तासगावात माझ्या ताईला झाला, कारण तिचे पेढे वाटून झाले होते.

‘लागला न्हवं पोरगा?’ लोक दाजींना पारावर विचारत.

‘लागलाय की.’

‘मग हितं काय करतोय?’

‘वर्क फ्रॉम होम,’ दाजी सांगत.

प्रत्यक्षात तो बेदाण्याच्या एका अडत्याकडे बसून सौद्याचा हिशेब एक्सेलमध्ये बसवून देत होता. कुठल्या बॉक्सची काय बोली, हमाली किती, तोलाई किती, शेतकऱ्याच्या हाती काय. पुढे त्याने बरंच काही लिहिलं, पण वापरणारा माणूस ज्याला ‘हे जरा मोठ्या अक्षरांत कर रं’ असं तोंडावर सांगू शकतो, असं त्याचं सॉफ्टवेअर अजून तेवढं एकच आहे.

या काळात अ‍ॅप्टीच्या जोडीला असलेल्या रीझनिंगच्या पुस्तकातला नातेसंबंधांचा धडा कामी आला. तुम्हाला आठवत असेल. फोटोतल्या मुलाकडे बोट दाखवून ती म्हणाली, ‘याची आई माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलाची बायको आहे’, तर तो मुलगा तिचा कोण? सरळ भाचा म्हणायचं सोडून माणसं अशी का बोलतात, हे कोडं मला चौथीपासून होतं. एखाद्याचा रेझ्युमे पुढे सरकवायचा असला की माणसं अशीच बोलतात. ताईचा फोन येई, ‘अरे, आपल्या कवठ्याच्या आत्तीच्या धाकट्या दिराचा जावई नाही का, खराडीला असतो, त्याला विचार की जरा.’ मी त्या जावयाला ओळखत नव्हतो. तो मला ओळखत नव्हता. पण कंपन्या शिफारस करणाऱ्याला रेफरल बोनस देतात. मुलगा लागला, तर ज्याने नाव पुढे केलं त्याच्या खात्यात पैसे. त्यामुळे आमच्या घराण्यातली कित्येक आटलेली नाती त्या वर्षात पुन्हा वाहू लागली. आत्तीच्या धाकट्या दिराच्या जावयाने भाच्याला पहिल्याच फोनवर ‘भावा’ म्हटलं.

जागा मात्र नव्हत्या. ज्या होत्या त्यांच्या जाहिराती वयवारीच्या धड्यातून आल्यासारख्या. ‘फ्रेशर पाहिजेत. अनुभव किमान दोन वर्षं.’ हे समीकरण कागदावर सुटत नाही, पण पुण्यात सुटतं. दोन वर्षांचा अनुभव रोखीने देणारी माणसं इथे आहेत, शिक्क्यासकट. भाच्याने तो घेतला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता असं तो सांगतो, दाजी म्हणतात पैशाचा होता.

आणि एके दिवशी त्या मूळच्या कंपनीचाच मेल आला. जिला वर्षभर सवड नव्हती, तिने सांगितलं की येत्या सोमवारी सकाळी नऊला मूळ कागदपत्रांसह हजर राहा, उशीर झाल्यास निवड रद्द समजावी.

तो माझ्याकडे वाकडला राहायला आला आणि दोघे मिळून आम्ही आगगाडीच्या धड्यात शिरलो. वाकडच्या पुलापासून हिंजवडीच्या फेज तीनपर्यंतचं अंतर सात-आठ किलोमीटर. पुस्तकात विचारतात, की ताशी अमुक वेगाने जाणारी गाडी वाटेत उभ्या असलेल्या माणसाला किती सेकंदांत ओलांडेल? हिंजवडीत उभा असलेला माणूस गाडीच्या आत असतो, आणि बाहेरून पायी चाललेला माणूस त्याला ओलांडून जातो. गणित तेच, फक्त उणे चिन्ह लावायचं. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं, म्हणजे २३ किलोमीटर आणि २३ स्थानकांचं, भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. तेव्हा भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. त्याची पदवी झाली, वाट बघून झाली, तो रुजू झाला, तेव्हा रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे होते आणि खांबांच्या दोन्ही अंगांना आम्ही. एचआरच्या मुलाखतीत विचारतात, की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकात, हे प्रामाणिक उत्तर देण्याची हिंमत आजवर कोणी दाखवलेली नाही.

रुजू झाल्यावर काही दिवस तो बेंचवर होता. बेंच म्हणजे प्रोजेक्ट नाही, पगार आहे, आणि दिवसाचे नऊ तास कार्डावर भरले पाहिजेत. हा बैठक व्यवस्थेचा धडा. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, क हा ड च्या डावीकडे आहे, ग हा फ च्या बरोबर समोर आहे. गोल टेबल कॅन्टीनमध्ये होतं. कोण कोणाच्या डावीकडे, हे भाच्याला आठवड्यात पाठ झालं. काम कोण करतंय, हे पुस्तकातही विचारत नाहीत.

मग त्याला प्रोजेक्ट मिळाला, याचा अर्थ कुठल्या तरी प्रोजेक्टला उशीर झाला होता. उशीर झाल्याशिवाय बेंचवरून कोणाला उठवत नाहीत. आता आपण मूळ गणिताकडे येऊ. अ एकटा ते काम १० दिवसांत करतो. ब एकटा १५ दिवसांत. एका दिवसात अ कामाचा दहावा हिस्सा उरकतो, ब पंधरावा, दोन्ही मिळून सहावा. उत्तर, ६ दिवस. चौथीतलं पोर सांगेल. मॅनेजरही हेच सांगतात, कारण तेही अ‍ॅप्टी पास होऊनच आलेले असतात.

प्रत्यक्षात ब, म्हणजे आपला भाचा, सोमवारी टीममध्ये येतो. त्याला लॅपटॉप गुरुवारी मिळतो. पासवर्ड पुढच्या सोमवारी चालतो. मग अ त्याला केटी देतो. ही केटी निराळी, नॉलेज ट्रान्सफरची, म्हणजे अ स्वतःचं काम बाजूला ठेवून अडीच तास पडद्यावर बाण आणि चौकोन दाखवतो. ब मान हलवतो. शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ असं विचारल्यावर ब ‘नो’ म्हणतो, कारण प्रश्न पडायला जेवढं कळावं लागतं तेवढंही त्याला कळलेलं नसतं. ते दुसऱ्या दिवसापासून कळू लागतं आणि मग तो दर पंधरा मिनिटांनी अ च्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो. अ कानातले हेडफोन काढतो, उत्तर देतो, हेडफोन घालतो, आणि आपण काय करत होतो ते आठवतो. ब चा पहिला कोड येतो. त्यातल्या चुका काढायला अ ला जेवढा वेळ लागतो, त्याच्या अर्ध्यात त्याने तो स्वतः लिहिला असता. ब त्या सुधारतो आणि सुधारताना अ ने कालपर्यंत लिहिलेलं पुसून टाकतो. ते परत आणण्यात दोघांचा दिवस जातो, हे त्या दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम. पंचविसाव्या दिवशी प्रकरण उरकत आलंसं वाटतं, तेवढ्यात मॅनेजर हसतमुखाने क ला घेऊन येतात.

आणि हे काही आमच्या हिंजवडीचंच वैशिष्ट्य नव्हे. फ्रेड ब्रूक्स नावाच्या गृहस्थांनी १९६० च्या दशकात आयबीएममध्ये ओएस/३६० या अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामाची धुरा वाहिली, आणि तिथे जे भोगलं ते १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात लिहून ठेवलं. सार असं, की रखडलेल्या कामावर आणखी माणसं घातली तर ते आणखी रखडतं. नव्याला शिकवण्यात जुना खर्ची पडतो. शिवाय माणसं वाढली की एकमेकांशी बोलण्याच्या वाटा माणसांपेक्षा फार जास्त वाढतात. दोघांत एक वाट असते, पाचजणांत दहा, दहाजणांत पंचेचाळीस. आणि यातल्या प्रत्येक वाटेवरून कोणी तरी विचारत येतं, की कुठवर आलं? सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक मॅनेजरने ब्रूक्सच्या पुस्तकाचं नाव ऐकलेलं असतं. वाचलेलं असतं अग्रवाल.

भाच्याला स्वतंत्रपणे मिळालेलं पहिलं काम म्हणजे एका अमेरिकन विमा कंपनीच्या पडद्यावरच्या एका बटणावर ‘सबमिट’ लिहिलं होतं, तिथे ‘सेव्ह’ लिहायचं. बदल एका शब्दाचा. त्यासाठी आधी तिकीट, मग इतक्या छोट्या बदलाला किती तास लागतील याच्या अंदाजाची बैठक, मग रिव्ह्यू, मग टेस्टिंग, त्यात टेस्टरचा शेरा की बटण दिसतं पण डावीकडे सरकलंय, मग ते उजवीकडे आणणं, मग क्लायंटची संमती, आणि मग शनिवारच्या मध्यरात्री रिलीज, आठ माणसांच्या साक्षीने. तीन आठवडे गेले. त्या रात्री बटण बदललेलं दिसलं तेव्हा भाच्याने मला उठवून ते दाखवलं. मी ते नीट बघितलं. चांगलं बटण होतं.

तासगावात ताई सांगू लागली, ‘अमेरिकेतल्या लोकांच्या विम्याचं सगळं आमचाच बघतो.’ बघत तो होताच.

पहिला पगार झाला, त्या संध्याकाळी तो पगाराची पावती घेऊन माझ्यासमोर बसला. साडेतीन लाख भागिले बारा, एकोणतीस हजार एकशे सहासष्ट. खात्यात आले होते चोवीस हजारांच्या आत. ‘मामा, ह्यांचं कायतरी चुकलंय.’

काही चुकलेलं नव्हतं. हा नफा-तोट्याचा धडा. पॅकेज म्हणजे तू कंपनीला केवढ्याला पडतोस तो आकडा. तुझ्या हातात काय पडतं, याच्याशी त्याचं नातं कवठ्याच्या आत्तीइतकं लांबचं. पीएफमधला तुझा वाटा पॅकेजमधूनच, आणि कंपनीचा वाटाही पॅकेजमधूनच. विम्याचा हप्ता त्यातूनच. ग्रॅच्युइटी त्यातच धरलेली, पण ती मिळणार सलग पाच वर्षं टिकलास तर, तोवर ती तुझीच आहे, फक्त तुझ्याकडे नाही. आणि थोडा भाग व्हेरिएबल. कंपनीचं वर्ष बरं गेलं, तुझं बरं गेलं आणि तुझ्या साहेबांचं साहेबांशी बरं असलं, तर तो मिळतो. तासगावात पॅकेजचा आकडा हा महिन्याचा पगार समजतात, आणि दाजींनी तो समज दूर करण्याची घाई केलेली नाही.

भाच्याचा सगळा राग निघाला तो पावतीतल्या सगळ्यात छोट्या आकड्यावर. प्रोफेशन टॅक्स, रुपये दोनशे. दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. महिना सगळ्यात लहान आणि कर सगळ्यात मोठा, कारण वर्षाची बेरीज अडीच हजार व्हायला हवी. ‘पीएफ तरी परत मिळतो. हे कशाला?’

मग मला त्याच्याच तालुक्याची गोष्ट त्याला सांगावी लागली. महाराष्ट्राने हा कर १९७५ च्या कायद्याने लावला, तो रोजगार हमी योजनेला पैसा पाहिजे म्हणून. ती योजना वि. स. पागे यांच्या डोक्यातली. पागे विधान परिषदेचे सभापती होते, आणि राज्यभर जाण्याआधी त्यांच्या या कल्पनेचा प्रयोग झाला तो तासगाव तालुक्यातल्या विसापुरात. १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो हातांना काम दिलं आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. मागेल त्याला काम. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. म्हणजे खडी फोडायला तयार असलेल्या माणसाला पंधरा दिवस, आणि बीई कॉम्प्युटरला यथावकाश. भाचा बराच वेळ गप्प होता.

‘त्याला अ‍ॅप्टी हुती का?’ त्याने विचारलं.

नव्हती. अंगमेहनतीची तयारी, एवढीच अट होती.

पुढे तो कॉट बेसिसवर राहायला गेला आणि टाकीच्या धड्याला लागला. नळ महिन्यातून एकदा, एका मेसेजपुरता येतो. मग कॉटचं भाडं, डबा, पेट्रोल, फोनचा हप्ता, ताईला साडी, आजीला शाल, आणि ‘पहिला पगार झाला ना?’ म्हणून दोन महिने चाललेल्या पार्ट्या. पुस्तकातल्या टाकीला भोक एकच असतं. तिथे कोणाला मित्र नसतात.

घड्याळाचा धडा नोव्हेंबरात आला. दिवसातून काटे एकमेकांवर किती वेळा येतात, तर २२, हे भाचा झोपेत सांगतो. त्याची क्लायंटबरोबरची बैठक न्यू जर्सीत दुपारी बाराला असे, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेने रिवाजाप्रमाणे घड्याळं तासभर मागे घेतली आणि तासगावच्या पोराचं जेवण साडेदहाच्या बैठकीनंतर गेलं. ताईला हे काही केल्या पटेना. ‘त्यांनी त्यांचं घड्याळ मागं घ्यावं की, आमची भाकरी का पुढं ढकलतात?’ तिने मला विचारलं. मी मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ परत पुढे करतात असं सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग मागं तरी कशाला घेतात?’ मी सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य काढलंय, या प्रश्नाला उत्तर नाही. दाजींना मात्र रात्रपाळीचं काहीच वाटलं नाही. बागेच्या मोटारीला वीज रात्रीच येते, तेही गेली कित्येक वर्षं बॅटरी घेऊन त्याच वेळेला उठतात. बापलेक हल्ली रात्री एक वाजता फोनवर बोलतात.

दिवाळीला भाचा गावी गेला, तेव्हा विकास सोसायटीच्या सेक्रेटरींनी निरोप पाठवला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था कॉम्प्युटरवर आणायचं ठरवलं, त्यात या सोसायटीकडेही कॉम्प्युटर आला होता. कॉम्प्युटर बरा होता. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. भाच्याने प्रिंटर बंद करून चालू केला. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग दोन्ही बंद करून आधी कॉम्प्युटर आणि मग प्रिंटर चालू केला, आणि मोबाइलवर काहीतरी वाचत बसला. अर्ध्या तासाने सोसायटीचा शिपाई उठला, पोती शिवायचं दाभण घेऊन आला, कुठलंसं झाकण उघडून त्याने कागद ओढून काढला, आणि दाभण खिशात ठेवलं.

सेक्रेटरींनी भाच्याकडे बघितलं. ‘साडेतीन लाख न्हवं का रं?’

‘होय,’ दाजी म्हणाले.

शिपायाने विचारलं, ‘तिथं अजून भरती निघंल का ओ?’

‘निघंल की,’ दाजी म्हणाले. ‘पर बोलवायला वरीस लागतंय.’